बरोबरीचा गल्ला

बर्मिंगहॅमजवळचं टॅमवर्थ हे गाव जुन्या मोटारींच्या शौकिनांना माहीत असतं, कारण रिलायंट कंपनीच्या तीनचाकी गाड्या तिथे तयार व्हायच्या. बाकी जगाने त्याची दखल घ्यावी असं तिथे फारसं काही घडत नाही. 12 जानेवारी 2025 च्या रविवारी मात्र गावच्या 'द लॅम्ब' या मैदानावर टॉटनहॅम हॉटस्परचा संघ एफए कपच्या तिसऱ्या फेरीचा सामना खेळायला आला. मैदान चारेक हजार माणसं मावतील एवढंच आणि गवत कृत्रिम. यजमान संघ इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या श्रेणीतला. त्याचे खेळाडू तेव्हा दिवसा नोकरी करायचे आणि संध्याकाळी सरावाला यायचे. गोलरक्षक जस सिंग इमारतींची पाहणी करणारा सर्व्हेअर. समोर प्रीमियर लीगमधला क्लब, ज्याने पुढे त्याच मोसमात युरोपा लीग जिंकली.

नव्वद मिनिटं झाली. वरची जादा मिनिटंही संपली. फलकावर शून्य-शून्य.

हाच निकाल वर्षभर आधी लागला असता तर टॅमवर्थच्या खजिनदाराने तिथेच उड्या मारल्या असत्या. तेव्हाच्या नियमाने सामना बरोबरीत सुटला की फेरसामना पाहुण्यांच्या मैदानावर व्हायचा. म्हणजे टॅमवर्थचा संघ थोड्याच दिवसांत लंडनला, 62,850 आसनांच्या स्टेडियममध्ये उतरला असता आणि त्या रात्रीच्या गल्ल्यातला जवळपास निम्मा वाटा गावी घेऊन आला असता. पण 2024-25 च्या मोसमापासून पहिल्या मुख्य फेरीपासूनचे सगळे फेरसामने बंद झाले. त्यामुळे पंचांनी शिट्टी वाजवली ती अर्ध्या तासाच्या जादा खेळासाठी. टॉटनहॅमने सन ह्युंग-मिन आणि कुलुसेव्हस्की यांना मैदानात उतरवलं. दिवसभर कामं करणाऱ्या माणसांचे पाय शंभराव्या मिनिटानंतर जड होतात, तसे ते झाले. आधी स्वयंगोल, मग कुलुसेव्हस्की, मग ब्रेनन जॉन्सन. 3-0.

वर्तमानपत्रांनी 'टॅमवर्थची झुंज' छापली. झुंज होतीच. पण त्या अर्ध्या तासात टॅमवर्थच्या हातून सामन्यापेक्षा मोठी गोष्ट गेली आणि ती निकालाच्या आकड्यात दिसत नाही. धरून चाला की लंडनच्या फेरसामन्याला पन्नास हजार प्रेक्षक आले आणि तिकीट सरासरी वीस पौंड पडलं. गल्ला दहा लाख पौंड. कर आणि खर्च वजा जाता सात लाख उरले म्हणू. त्यातले 45 टक्के म्हणजे तीन लाख पंधरा हजार पौंड, आपल्या पैशात साडेतीन कोटींच्या आसपास. हे गणित माझं, अंदाजाचं आहे. पण प्रमाण कळायला तेवढं पुरतं, कारण त्या मोसमात दुसरी फेरी जिंकणाऱ्या क्लबचं बक्षीस होतं 75,000 पौंड.

हे 45 टक्के कुठून आले ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. एफए कप 1871 साली सुरू झाला आणि त्याची पहिली अंतिम लढत 1872 मध्ये झाली. या स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांत तिकिटांचे पैसे खर्च वजा करून वाटले जातात. यजमानाला 45 टक्के, पाहुण्याला 45 टक्के आणि उरलेले 10 टक्के सामाईक निधीत. कोण कोणाच्या घरी आला याला महत्त्व नाही. एकेकाळी लीगच्या साध्या सामन्यांतही पाहुण्या संघाला गल्ल्यातला हिस्सा मिळायचा. 1983 मध्ये मोठ्या क्लबांनी तो बंद करून घेतला आणि तेव्हापासून लीगमध्ये ज्याचं मैदान त्याचा गल्ला. पुढे 1992 मध्ये प्रीमियर लीग वेगळी झाली आणि टीव्हीचे पैसेही वरच राहू लागले. आज प्रीमियर लीगमध्ये तळाला येणाऱ्या क्लबलाही एका मोसमात दहा कोटी पौंडांच्या वर मिळतात. या सगळ्यातून एकच जुनी फट उघडी राहिली होती. पाचव्या-सहाव्या श्रेणीचा क्लब वर्षातून एखाद्या वेळी बड्या घरी जेवायला बसू शकायचा आणि त्याला पान बरोबरीचं वाढलं जायचं.

या फटीतून आत शिरायला दोन वाटा होत्या. पहिली नशिबाची. तिसऱ्या फेरीत 64 क्लब असतात. वरच्या दोन श्रेणींतले 44 तिथेच दाखल होतात, उरलेले वीस खालून झगडत येतात. सोडतीच्या दिवशी छोट्या क्लबच्या बारमध्ये मंडळी टीव्हीपुढे जमतात, स्थानिक वार्ताहर कॅमेरा लावून बसतो आणि एकेक क्रमांकाचा चेंडू निघतो. बड्या, भरगच्च मैदानांचे सहाच क्लब धरले, तर त्यांपैकी एकाशी, तेही त्याच्या घरी, गाठ पडण्याची शक्यता एकवीसात एक. आपल्याकडे घरचं मैदान म्हणजे फायदा अशी समजूत असते. इथे उलटं आहे. खेळाडूंना घरी खेळावंसं वाटतं, खजिनदाराला परगावी. सगळ्यांत नकोशी सोडत म्हणजे मधल्या श्रेणीतला क्लब: हरवायला कठीण, आणि त्याच्या नावावर ना टीव्ही येतो ना गर्दी. पुण्याच्या वेंकीज समूहाने 2010 मध्ये विकत घेतलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स अलीकडची बरीच वर्षं याच वर्गात मोडतो. त्याने एफए कप सहा वेळा जिंकलाय, शेवटचा 1928 मध्ये. इतिहास एवढा मोठा असूनही सोडतीत त्याचं नाव निघालं की छोट्या क्लबात कोणी टाळ्या वाजवत नाही.

दुसरी वाट कर्तृत्वाची, आणि ती होती बरोबरी. बडा क्लब तुमच्या घरी आला आणि तुम्ही त्याला रोखलं, की त्याच्या घरचा गल्ला तुमचा. कोल्हापूरकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. छोट्या तालमीतल्या मल्लाची जोड नावाजलेल्या पैलवानाशी लागली आणि कुस्ती बरोबरीत सुटली, तर त्याला कोणी हरलेला म्हणत नाही. पुढच्या मैदानात त्याचा भाव वाढतो. एफए कपमध्ये हा भाव पौंडांत मोजून मिळायचा. जिंकणं हे स्वप्न, बरोबरी हा धंदा.

त्या धंद्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण एक्सेटर सिटीचं. नैऋत्य इंग्लंडमधला हा क्लब 1914 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता आणि ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाची पहिली लढत त्याच्याशी झाली असं मानलं जातं. एवढी पुण्याई असूनही 2002-03 मध्ये त्याची दशा तमाशासारखी झाली. चमचे वाकवून दाखवणारा युरी गेलर क्लबचा सहअध्यक्ष, आणि निधी उभारायला म्हणून मायकेल जॅक्सनला मैदानात आणलेलं. मोसम संपला तेव्हा क्लब लीगमधून खाली पाचव्या श्रेणीत घसरला होता आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. चाहत्यांच्या ट्रस्टने तो ताब्यात घेतला. लोकांनी दरमहा वर्गणी दिली आणि क्लब कसाबसा श्वास घेऊ लागला. देणेकऱ्यांशी तडजोड झाली, पण तडजोडीचे पैसेही कुठून तरी उभे करायचेच होते.

2005 च्या तिसऱ्या फेरीच्या सोडतीत एक्सेटरच्या वाट्याला मँचेस्टर युनायटेड आलं, आणि तेही ओल्ड ट्रॅफर्डवर. 8 जानेवारीला 67,551 प्रेक्षकांसमोर हा सामना झाला. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनने बरीच पोरं खेळवली आणि काम होईना तेव्हा स्कोल्स आणि रोनाल्डोला आत पाठवलं. तरीही 0-0. एक्सेटरचे हजारो चाहते त्या दिवशी मँचेस्टरला गेले होते. संघ हरला असता तरी त्यांचा दिवस सार्थकी लागला असता, पण आता फेरसामना घरी. अकरा दिवसांनी सेंट जेम्स पार्क खचाखच भरलं, टीव्हीचे कॅमेरे आले आणि युनायटेड 2-0 ने जिंकलं, गोल रोनाल्डो आणि रूनीचे. त्या पराभवाचं एक्सेटरमध्ये कोणाला दुःख झालं असेल असं वाटत नाही. दोन सामन्यांतून क्लबच्या हाती साडेसहा लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम आली, आपल्या पैशात सात कोटींच्या वर. तडजोडीतली देणी फिटली. 2008 मध्ये क्लब पुन्हा लीगमध्ये परतला. तो आजही चाहत्यांच्या ट्रस्टच्याच मालकीचा आहे.

पुढच्याच वर्षी बर्टन अल्बियनने हे उदाहरण गिरवलं. बर्टन तेव्हा पाचव्या श्रेणीत, मैदान नुकतंच बांधलेलं, प्रशिक्षक नायजेल क्लफ. त्यांनी युनायटेडला घरी 0-0 रोखलं आणि ओल्ड ट्रॅफर्डवर 5-0 असा मार खाल्ला. मार खायला गावातून दहा हजारांवर माणसं गेली होती. मँचेस्टरहून परतताना ती गात येत होती असं म्हणतात, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

बरोबरी झाली की पैसे आलेच असंही नव्हतं. श्रूसबरी टाउनला याचा चांगलाच अनुभव आला. 26 जानेवारी 2020 ला, चौथ्या फेरीत, तिसऱ्या श्रेणीतल्या श्रूसबरीने लिव्हरपूलविरुद्ध 2-0 ची पिछाडी भरून काढली. राखीव खेळाडू म्हणून आलेल्या जेसन कमिंग्सने दोन गोल केले. लिव्हरपूल तेव्हा लीगमध्ये कोणालाच ऐकत नव्हतं. आता अ‍ॅनफिल्डवर फेरसामना, म्हणजे आयुष्यातली मोठी रात्र. पण त्याच संध्याकाळी युर्गेन क्लॉपने सांगून टाकलं की फेरसामना हिवाळी सुट्टीत येतो, खेळाडूंना सुट्टीचा शब्द दिलाय, तेव्हा पहिला संघ येणार नाही आणि मीही येणार नाही. त्याने शब्द पाळला. 23 वर्षांखालच्यांचा संघ नील क्रिचलीच्या हाताखाली उतरला. लिव्हरपूलने तिकिटं उतरवली, मोठ्यांना 15 पौंड आणि लहान मुलांना एक पौंड. ब्रिटनमधल्या वाहिन्यांनी सामना थेट दाखवायला घेतला नाही आणि टीव्हीचे पैसे बुडाले. मैदानात 52,000 हून अधिक लोक आले, ही स्वस्ताईची चांगली बाजू. श्रूसबरी स्वयंगोलावर 1-0 ने हरलं. क्लॉपचं चुकलं असं मी म्हणणार नाही, खेळाडूंच्या थकव्याचा प्रश्न खरा होता. पण त्या सुट्टीचं बिल श्रूसबरीने भरलं हेही खरं.

उलटं नशीब मरीनचं. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीतला हा आठव्या श्रेणीतला क्लब 2020-21 मध्ये प्राथमिक फेऱ्यांपासून चढत तिसऱ्या फेरीत पोचला आणि सोडतीत घरी टॉटनहॅम आलं. दोन क्लबांमध्ये 161 स्थानांचं अंतर. रॉसेट पार्क या मैदानाची एक बाजू घरांच्या परसांना लागून आहे, चेंडू कुंपणावरून थेट कोणाच्या तरी वाफ्यात जातो. असा मोठा दिवस आला आणि कोविडची टाळेबंदी लागली. प्रेक्षकांना बंदी, गल्ला शून्य. तेव्हा क्लबने दहा पौंडांची 'आभासी तिकिटं' काढली. हातात काही मिळणार नव्हतं, फक्त सोडतीत मोसमपूर्व सामन्यात संघाचा प्रशिक्षक होण्याची संधी. अशी तीस हजारांवर तिकिटं खपली आणि घेणाऱ्यांत टॉटनहॅमचे चाहतेही हजारोंनी होते. मरीन 5-0 हरलं, पण त्या मैदानात जेवढी माणसं कधीच मावली नसती त्याच्या अनेक पट तिकिटं विकून. एवढी दानत बघितली की फुटबॉलच्या प्रेक्षकाबद्दल आदर वाढतो. क्लबांच्या मालकांबद्दल तो तेवढा वाढत नाही.

पैशाच्या मोहात छोट्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. 2003 मध्ये फार्नबरो टाउनला चौथ्या फेरीत आर्सेनल मिळालं, आणि तेही घरी. क्लबने घरचा सामना उचलून आर्सेनलच्या हायबरी मैदानावर नेला आणि 5-1 हरला. थोड्याच दिवसांत क्लबचा मालक-प्रशिक्षक काही खेळाडूंना घेऊन दुसऱ्या क्लबात गेला. मोठी रात्र संपली आणि गावाकडे जेमतेम संघ उरला. याच्या पाच वर्षं आधी, 1998 मध्ये, स्टीव्हनेज बरोने उलट केलं होतं. न्यूकॅसल युनायटेड म्हणत होतं की तुमचं मैदान सुरक्षित नाही, सामना आमच्याकडे घ्या. स्टीव्हनेज हटलं नाही. तात्पुरता स्टँड उभा केला, शियररच्या संघाला 1-1 रोखलं आणि मग न्यूकॅसलला जाऊन 2-1 हरलं. मैदानही राखलं आणि गल्लाही घेतला. मला फार्नबरोपेक्षा स्टीव्हनेजचा हिशेब जास्त पटतो.

एफए कपच्या लोककथेतला सगळ्यांत प्रसिद्ध गोलही फेरसामन्यातलाच आहे. 5 फेब्रुवारी 1972 ला हेरफर्डच्या चिखलात, व्यवसायाने सुतार असलेल्या रॉनी रॅडफर्डने तीसेक यार्डांवरून मारलेला. न्यूकॅसलशी पहिला सामना 2-2 सुटला होता, तो तिथेच जादा वेळेत निकाली काढला असता तर हा गोल झालाच नसता. त्या काळी निकाल लागेपर्यंत खेळत राहायची रीत होती. 1971 मध्ये अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांना एकाच फेरीसाठी सहा सामने खेळावे लागले. 1991-92 पासून एकाच फेरसामन्यानंतर पेनल्टींवर निकाल लागू लागला. मग वरच्या फेऱ्यांतले फेरसामने एकेक करून गेले, आणि शेवटी 18 एप्रिल 2024 ला फुटबॉल असोसिएशनने जाहीर केलं की पहिल्या मुख्य फेरीपासूनच ते बंद.

हा करार असोसिएशन आणि प्रीमियर लीग यांच्यात झाला. खालच्या तीन श्रेणी चालवणाऱ्या इंग्लिश फुटबॉल लीगने आम्हाला विचारलं नाही असं जाहीरपणे सांगितलं. असोसिएशनचं म्हणणं, चर्चेत सगळे होते. मोबदला म्हणून प्रीमियर लीग तळागाळाच्या फुटबॉलसाठी 33 दशलक्ष पौंडांपर्यंत जादा देणार. रक्कम मोठी आहे आणि त्यातून मुलांची मैदानं होतील, चांगलंच आहे. पण ती टॅमवर्थच्या पगाराच्या वहीत येत नाही.

कारण दिलं गेलं ते वेळापत्रकाचं. चॅम्पियन्स लीगचा नवा आराखडा 2024-25 पासून आला, त्यात प्रत्येक क्लबला प्राथमिक टप्प्यात सहाऐवजी आठ सामने आणि जानेवारी अखेरपर्यंत खेळ. 2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 32 क्लबांचा विश्वचषक. खेळाडूंवर भार आहे यात वाद नाही, त्यांची संघटना त्यावरून कायदेशीर लढाई लढते आहे. पण भार वाढवणारे सामने सगळे वरून आले आणि कापले ते खालचे. लीग कपच्या उपांत्य फेरीत आजही घरचा आणि परगावचा असे दोन सामने होतातच. आणि हेही नोंदवून ठेवा: प्रीमियर लीगचा मोसम 19 मे 2024 ला संपला. तीनच दिवसांनी, 22 मे ला, टॉटनहॅम आणि न्यूकॅसल हे दोन क्लब मेलबर्नमध्ये मैत्रीपूर्ण सामना खेळत होते, 78,000 हून अधिक प्रेक्षकांसमोर. फेरसामने रद्द होऊन जेमतेम महिना झाला होता. टॅमवर्थकडून लंडनचं तिकीट हिरावलं गेलं ते याच टॉटनहॅमच्या पायांना विश्रांती मिळावी म्हणून.

दुसरी बाजूही कमकुवत नाही. फेरसामना हा लॉटरीचाच प्रकार होता आणि लॉटरीवर क्लब चालवता येत नाही. बहुतेक छोट्या क्लबांच्या आयुष्यात ओल्ड ट्रॅफर्ड कधीच आलं नाही. 2024 मध्ये सहाव्या श्रेणीच्या मेडस्टोन युनायटेडने इप्सविचला 2-1 असा धक्का देऊन पाचवी फेरी गाठली आणि सोडतीत निघालं काय, तर शेफील्ड वेन्सडे किंवा कॉव्हेंट्री. ते कॉव्हेंट्रीला जाऊन 5-0 हरले. एवढी मजल मारूनही बडं घर हुकलंच. 2019 मध्ये बरी हा दोनदा एफए कप जिंकलेला क्लब लीगमधून काढला गेला, 2020 मध्ये मॅकल्सफील्ड टाउन न्यायालयाने बुडीत काढला. फेरसामन्यांचा नियम तेव्हा जागेवर होता आणि त्याने दोघांनाही वाचवलं नाही. त्याच मॅकल्सफील्डच्या राखेतून उभ्या राहिलेल्या नव्या क्लबने जानेवारी 2026 मध्ये कपचा विद्यमान विजेता क्रिस्टल पॅलेस याला घरच्या मैदानावर 2-1 हरवलं. म्हणजे चमत्कार अजून होतात, आणि नव्वद मिनिटांतच होतात. फेरसामना हवा म्हणणाऱ्यांना हे उत्तर दिलं जातं.

उत्तर अपुरं आहे. चमत्कार पन्नास वर्षांत एखाद्या गावाला लाभतो. बरोबरी ही कष्टाने, नियोजनाने, घट्ट बचावाने मिळवता येणारी गोष्ट होती, आणि दुबळ्याच्या आवाक्यातली तेवढीच एक. तिचा भाव काढून घेतला, तो कोणी भरून दिलेला नाही.

फेरसामने परत येतील अशी आशा मी धरत नाही. युरोपातल्या स्पर्धा खेळणाऱ्या क्लबांना जानेवारीत रिकामा बुधवार आता उरलेला नाही. पण करता येण्याजोगं एक काम आहे आणि त्यासाठी वेळापत्रकाला हातही लावावा लागत नाही. तिसऱ्या फेरीपासून दोन किंवा अधिक श्रेणी वरच्या क्लबने गल्ल्यातला आपला 45 टक्के वाटा खालच्या क्लबला सोडावा. नव्वद मिनिटांनी बरोबरी असेल, तर त्यावर सामाईक निधीतून ठरलेली रक्कम द्यावी, जादा वेळेत काहीही होवो. प्रीमियर लीगच्या क्लबला हा पैसा ताळेबंदात शोधावा लागेल, इतका लहान आहे. 2017 मध्ये सटन युनायटेडशी खेळून आर्सेनलने त्या क्लबला 50,000 पौंडांची देणगी दिली होती, ती आपखुशीने. आता ती गोष्ट स्पर्धेच्या नियमावलीत घालावी.